घाणेरी आणि अस्वल यांची तुलना करायची तर मोजायचं काय?

बडोद्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे. कॉलेजने प्रकल्प दिलाय: सगळीकडे आढळणारी एक फुलणारी वनस्पती आणि धोक्यात आलेला एक वन्य सस्तन प्राणी यांची तुलना करा. तिने घाणेरी (लँटाना) आणि अस्वल (स्लॉथ बेअर) निवडलं, वहीत दोन रकाने आखले, शास्त्रीय नाव, कुळ, उंची, वजन, आयुष्य, संख्या असं भरत गेली आणि अडली. "एक झुडूप, एक जनावर. सारखं काहीच नाही, मग तुलना कशाची करू? आणि घाणेरी काढून टाकली तर अस्वलं वाढतील का?" असे तिचे दोन प्रश्न आहेत.

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. तुझ्याच वयाच्या मुलामुलींना मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं पावसाळा संपला की त्यांना घेऊन गुजरातेतल्या जांबुघोडा आणि रतनमहालच्या जंगलात झाडोरा मोजायला जात असे. अस्वल हा माझा अभ्यासाचा विषय नव्हता. पण या भागात घाणेरीच्या मागे लागलेल्या माणसाला अस्वल टाळता येत नाही. उकरलेली वारुळं, मोहाच्या बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, वाटेतच पडलेली बियांनी भरलेली विष्ठा हे सगळं आमच्या मोजणीच्या चौकटीतच यायचं. त्यामुळे या दोघांबद्दल मला जे कळलं ते एकत्रच कळलं.

तुझी निवड चांगली आहे. रकान्यांत लिहिलेलंही चुकीचं नाही, फक्त त्यातून काही निघत नाही. घाणेरीची उंची दोन-तीन मीटर आणि नर अस्वलाचं वजन शंभर किलोच्या आसपास, हे शेजारी शेजारी लिहून हाती काय लागलं? तुलनेला दोघांनाही लागू पडेल अशी एक तरी मोजपट्टी लागते. या दोघांच्या बाबतीत ती म्हणजे जागा. बडोद्याहून हालोल, शिवराजपूर करत बोडेलीच्या रस्त्याला लागलं की साधारण सत्तर किलोमीटरवर जांबुघोड्याचं अभयारण्य आहे. तिथे घाणेरीही आहे आणि अस्वलही आहे. जमीन तीच, पाऊस तोच, जंगलात येणारी-जाणारी माणसंही तीच. तर मग गेल्या शंभर-दोनशे वर्षांत त्याच जंगलात एक का फोफावलं आणि दुसरं का आटत गेलं? तुझा खरा प्रश्न हा आहे, आणि तो तुलनेचाच प्रश्न आहे.

त्याआधी दोन शब्द नीट करून घेऊ, कारण त्यांवर बरीच मुलं घसरतात. 'सर्वत्र आढळणारं' आणि 'धोक्यात असलेलं' हे विरुद्धार्थी शब्द नाहीत. अस्वलाचा नकाशा काढून बघ. नेपाळच्या तराईपासून खाली श्रीलंकेपर्यंत तो पसरलेला आहे, मधला जवळजवळ सगळा भारत त्यात येतो. नकाशाच्या आकारावरून कुणी म्हणेल की हाही सर्वत्र आढळणारा प्राणी. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो १९९० पासून 'असुरक्षित' या वर्गात आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. ही यादी नुसती डोकी मोजत नाही, उतरण किती वेगाने चालली आहे तेही बघते. तीन पिढ्यांच्या काळात संख्या तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटली असेल, तर हजारो प्राणी शिल्लक असतानाही ती जात असुरक्षित ठरते. बांगलादेशातून अस्वल संपलंच. गुजरातेत मात्र २०२२ च्या गणनेत साडेतीनशेच्या आसपास अस्वलं भरली, आधीच्या गणनेपेक्षा किंचित जास्तच. म्हणजे एका राज्यात थोडी वाढ आणि एकंदर जातीची उतरण, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. प्रकल्पात आकडा लिहिशील तेव्हा तो कुठला आणि कधीचा हे सोबत लिही.

घाणेरीचं उलट आहे. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. लिनियसने १७५३ मध्ये तिला लँटाना कॅमारा हे नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, तिथून साहेबांच्या बंगल्यांच्या कुंपणांना लागली आणि कुंपणातून रानात गेली. त्याआधी युरोपातल्या बागवानांनी तिचे इतके संकर केले होते की आज आपल्या रानात आहे ती एक सरळसोट जात म्हणणंही अवघड आहे. गुणसूत्रं मोजली तर कुठे २२ मिळतात, कुठे ३३, कुठे ४४, त्याहूनही जास्त. म्हणून तुझ्या 'शास्त्रीय नाव' या ओळीखाली एक वाक्य जास्तीचं लिही, की अस्वल ही एक जात आहे आणि घाणेरी हा अनेक संकरांचा गोतावळा आहे. ज्या झाडात इतकी विविधता भरून ठेवलेली असते त्यातलं काही ना काही प्रत्येक हवेत तगतं. देशातल्या वाघांच्या जंगलपट्ट्यात तिने सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर व्यापलेत, म्हणजे त्या पट्ट्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग.

आता मुद्द्याचं. जांबुघोड्याच्या जंगलातून जाणाऱ्या एखाद्या डांबरी रस्त्याच्या कडेला उभी राहा. कडेलाच खांद्याएवढी घाणेरी, गुलाबी-पिवळ्या गुच्छांनी भरलेली, इतकी दाट की पलीकडचं दिसत नाही. आता तिथून काटकोनात आत चालत जा. सागाच्या, मोहाच्या, सादड्याच्या सावलीत पन्नास-साठ पावलं गेलीस की घाणेरी विरळ होते, गुडघ्याएवढी उरते, फुलं कमी. अजून आत, जिथे माथ्यावर फांद्याला फांदी भिडलेली आहे तिथे ती तुरळक. अस्वलाच्या खुणा आम्हाला याच्या उलट क्रमाने मिळायच्या. रस्त्यालगत जवळजवळ नाहीत. आत गेलं की एखादं वारूळ उकरलेलं, आणखी आत, दगडी कपारीच्या अंगाला, ताज्या खुणा. रस्ता तोच, पण घाणेरीला तो वाढायची जागा देतो आणि अस्वलाची जागा कापून घेतो.

प्रत्येक ठिकाणी असंच दिसेल असं मात्र समजू नकोस. उघड्या, वाळक्या सागाच्या रानात, जिथे वरचं छप्पर आधीच फाटलेलं आहे, तिथे घाणेरी थेट आतपर्यंत घुसलेली असते. जिथे पाणी एकाच ओहोळात उरलंय तिथे उन्हाळ्यात अस्वल रस्त्याजवळही येतं. वणवा किती वर्षांनी लागतो, गुरं किती चरतात, यावरही बरंच ठरतं. पण मी जितक्या रेषा चालले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हाच क्रम दिसला, आणि त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत.

घाणेरीला ऊन लागतं. रस्ता, पाडलेलं झाड, सोडून दिलेलं शेत, विजेच्या तारांसाठी साफ केलेला पट्टा, या सगळ्यांनी जंगलाचं छप्पर फाटतं आणि ऊन जमिनीपर्यंत पोचतं. त्याच तारांवर बुलबुल आणि साळुंक्या बसतात. घाणेरीचं पिकलेलं फळ काळं-जांभळं, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. पक्षी ते गिळतात आणि बी तारेखाली किंवा फांदीखाली टाकतात. जोमदार झुडूप वर्षाला दहा-बारा हजार फळं धरू शकतं. त्यातल्या बहुतेक बिया रुजत नाहीत, पण झाडाला त्याची गरजही नसते, शंभरात एक रुजली तरी पुरते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण पानांत यकृत बिघडवणारं विष आहे. दुष्काळात भुकेपोटी खाल्लंच तर गुरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. म्हणजे गुरं शेजारचं गवत आणि झाडांची रोपं खाऊन टाकतात आणि घाणेरीला जागा मोकळी करून देतात. वणवा लागला तर गवत जळतं, रोपं जळतात, घाणेरी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते. माणूस जंगलात जे जे करतो, तोडणं, चारणं, जाळणं, रस्ता काढणं, ते सगळं तिला मानवतं.

तिच्या फुलाकडे एकदा जवळून बघ, बडोद्यात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर मिळेल. एका गुच्छात वीस-तीस बारीक फुलं असतात आणि ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात. आज उमललेलं फूल पिवळं असतं, त्यात मध असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी किंवा तांबडं होतं आणि मध संपलेला असतो. पण झाड ते फूल लगेच गाळत नाही. गुच्छ लांबून मोठा आणि रंगीत दिसत राहतो, फुलपाखरू येतं, आणि जवळ आल्यावर बरोबर पिवळ्या फुलावर सोंड टेकवतं. माझे विद्यार्थी भिंग घेऊन यावर अर्धा-अर्धा तास घालवायचे आणि मी त्यांना कधी घाई केली नाही. तुझ्या प्रकल्पात याचं एक चित्र हवंच.

अस्वलाचा हिशेब वेगळा आहे. मादी साधारण चौथ्या वर्षाच्या सुमाराला वयात येते. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, ती कपारीत किंवा उकरलेल्या बिळात विते. एक किंवा दोन पिल्लं, तीन क्वचित. दोन-तीन महिने ती कपार सोडून लांब जात नाही. मग पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, पाठीवरच्या लांब, राठ केसांना धरून ती बसलेली असतात. दीड ते अडीच वर्षं पिल्लं आईबरोबर राहतात आणि तोवर दुसरी वीण नाही. आता कागदावर मांड: चौथ्या वर्षापासून पंधराव्या-सोळाव्यापर्यंत, दर अडीच-तीन वर्षांनी दीडेक पिल्लू. सगळं सुरळीत गेलं तर जन्मात सहा-सात पिल्लं, आणि त्यातली बरीच मोठी होत नाहीत. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते. दहा पिल्लंसुद्धा जिच्याकडून होत नाहीत अशी एक मादी वाहनाखाली आली किंवा शेताच्या कुंपणातल्या विजेने मेली, तर त्या टेकडीचा तो धक्का भरून यायला वर्षं लागतात. तुझ्या रकान्यातली 'आयुष्य' ही ओळ खोडून तिथे 'एक मेलं तर भरून यायला किती काळ?' अशी ओळ लिही. घाणेरीच्या पुढे लिहायचं: पुढचा पावसाळा. अस्वलापुढे काय लिहायचं ते वरच्या हिशेबावरून तूच काढ.

खाण्यातही असाच फरक आहे. घाणेरीला ऊन, माती, पाऊस एका जागी मिळतं. अस्वलाला वर्षभराची फिरती पंगत लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, मग इकडे ज्याला टिमरू म्हणतात ती टेंभुर्णीची फळं, जूनमध्ये जांभळं, हिवाळ्यात बोरं, अधूनमधून उंबर, बहाव्याच्या शेंगा, मध, आणि बारा महिने वाळवी आणि मुंग्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, आणि तो आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो. बोटाएवढ्या लांब नखांमुळे जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये ते स्लॉथ या झाडाला लटकून राहणाऱ्या अमेरिकी प्राण्याच्या गोतातलं समजून त्याचं नाव ठेवलं होतं. अशी पंगत लागणाऱ्या प्राण्याला मोठं, सलग रान लागतं, कारण मोह एका उतारावर, जांभळं दुसऱ्या ओहोळात आणि वारुळं तिसरीकडे. रतनमहालचं अभयारण्य १९८२ मध्ये खास अस्वलांसाठी जाहीर झालं, ते अवघं ५५ चौरस किलोमीटरचं आहे. अस्वलं तिथेच थांबत नाहीत, आजूबाजूच्या गावांच्या शिवारातून जातात-येतात, आणि त्या गावांतली माणसंही पहाटे त्याच मोहाखाली फुलं वेचायला आलेली असतात.

आता दुसरा प्रश्न. घाणेरी काढली तर अस्वलं वाढतील का? बरोबर उत्तर आहे 'कशी काढता, कुठे काढता आणि काढल्यावर काय करता यावर अवलंबून', आणि हे मला चूक करून कळलं.

एका वर्षी जानेवारीत आम्ही पंधरा-सोळा जण एका ओहोळाच्या दोन्ही काठांची घाणेरी काढायला गेलो. उत्साह खूप होता. कोयत्यांनी जमिनीलगत सपासप कापत गेलो, दोन दिवसांत दोनेकशे मीटर काठ मोकळा केला. ओहोळाच्या वळणावर घाणेरीच्या जाळीखाली एक बोगदा होता, माणूस वाकून आत जाईल एवढा. आत माती दाबून गुळगुळीत झालेली, आणि घाणेरीच्या आकडेदार काट्यांना काळे, राठ केस अडकलेले. ते केस आम्ही चिमट्याने काढले, कागदाच्या पुडीत घातले, पुडीवर तारीख लिहिली. आणि नंतर ती जाळीही कापली. आमच्याबरोबर जवळच्या फळियातले, म्हणजे पाड्यावरचे, एक राठवा काका वाट दाखवायला असत. ते म्हणाले, "रीछ दिवसा इथे झोपतं." मी ऐकलं, वहीत लिहिलंही. पण काम थांबवलं नाही.

त्या एप्रिलमध्ये मोह वेचणाऱ्या बायकांना फळियालगतच्या नाल्यात अस्वल दोनदा दिसलं. कुणाला इजा झाली नाही. ते तेच अस्वल होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, पण तो नाला घाणेरीने भरलेला होता आणि त्या भागातली दुसरी थंड, अंधारी जागा आम्ही कापून टाकली होती. पाऊस पडला आणि आमच्या ओहोळावर घाणेरी कापलेल्या प्रत्येक बुडख्यातून पाच-पाच फुटव्यांनी उगवून आली, आधीपेक्षा दाट. कोवळ्या फुटव्यांच्या त्या गचपणात अस्वलाला झोपायला बोगदा मात्र नव्हता. ती केसांची पुडी मी अजून ठेवली आहे.

याचा अर्थ घाणेरी राहू द्यावी असा नाही. तिच्याखाली गवत उगवत नाही, मोहाची, जांभळाची, टेंभुर्णीची रोपं वर येत नाहीत, म्हणजे वीस वर्षांनंतरची अस्वलाची पंगत आजच बंद होते. पण आजच्या घडीला, उघड्या पडलेल्या जंगलात, अस्वल दिवसा तिच्याच सावलीत झोपतं आणि तिचीच पिकली फळं खातं. म्हणून ती काढायची तर टप्प्याटप्प्याने काढायची.

पद्धतही नीट हवी. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी जी रीत रूढ केली ती मी नंतर मुलांना शिकवली. एकाने झुडूप काठीने रेटून वाकवायचं, दुसऱ्याने कुदळीने जमिनीखाली तीन-चार बोटं, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्याच्या खाली, मुख्य मूळ तोडायचं. फुटवे येतात ते त्या सांध्यातून, म्हणून तो सांधा झुडपाबरोबर वर आला पाहिजे. मग झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. पावसाळ्यानंतर परत यायचं आणि पक्षी बसतात त्या झाडांखालची नवी रोपं हाताने उपटायची, निदान दोन-तीन वर्षं. हा परतीचा फेरा कोणी करत नाही आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणचं काम वाया जातं. किडा सोडून पाहण्याचा प्रयोगही १९४० च्या दशकात झाला. किड्याने पानांची नासाडी केली आणि झुडूप पुन्हा पालवलं.

आज मला कुणी तो ओहोळ दिला तर मी काठाचा तिसरा हिस्सा एका वर्षी मोकळा करीन, कपारी आणि झोपायच्या जाळ्यांना शेवटपर्यंत हात लावणार नाही, आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकून उंबर, जांभूळ, बोर लावीन. मोकळी करायची पट्टी फळियाच्या बाजूने सुरू करीन, म्हणजे अस्वलाला आतल्या बाजूला सरकायला आडोसा उरतो. विण्याच्या दिवसांत, डिसेंबर ते मार्च, कपारीजवळ कामच नाही. जिथे जवळपास सुरक्षित कपारी आहेत, पाणी आहे आणि मोह भरपूर आहे तिथे घाणेरी लवकर काढता येते. जिथे घाणेरी हाच एकमेव आडोसा उरलाय तिथे फार सावकाश.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर दोघांना जोडणारा धागा फाटलेलं जंगल हा आहे. छप्पर फाटलं की घाणेरीला ऊन मिळतं आणि अस्वलाचं रान तुटतं. एक झपाट्याने भरून निघतं, दुसरं सावकाश. आणि जागा उरली नाही की दुसरं पहिल्याच्याच आडोशाला येतं.

प्रकल्प असा कर. रस्त्यापासून आत जाणारी एक सरळ रेषा घे. रस्त्यालगत, मग ५० मीटर, १००, २०० आणि ४०० मीटरवर दहा मीटर बाय दहा मीटरचा चौरस सुतळीने आख. प्रत्येक चौरसात तीन गोष्टी लिही: घाणेरीने किती जमीन झाकली आहे, वर मान करून पाहिल्यावर आकाश किती दिसतं, आणि अस्वलाच्या खुणा, म्हणजे उकरलेलं वारूळ, बुंध्यावरचे ओरखडे, विष्ठा. अशा तीन रेषा झाल्या तरी पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला पुरे. पंधरा चौरसांवरून संपूर्ण जंगलाबद्दल काही म्हणू नकोस, फक्त या तीन रेषांवर काय दिसलं ते म्हण. 'खूण मिळाली नाही' हीसुद्धा नोंद आहे, ती रिकामी सोडू नकोस. दोन्ही रकाने मग एकाच आडव्या अक्षावर येतील, रस्त्यापासूनचं अंतर, आणि आलेखावर दोन रेघा एकमेकींच्या विरुद्ध जाताना दिसल्या तर तुझ्या शिक्षकांना ही तुलना कशाची आहे हे विचारावं लागणार नाही. विरुद्ध नाही गेल्या तर त्याचं कारण शोधण्यात आणखी चांगला प्रकल्प आहे.

वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आणि बीटगार्ड (वनरक्षक) किंवा स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय रेषेवर पाऊल टाकायचं नाही. मैत्रिणींबरोबर हौसेने जाऊन येण्याचं हे काम नाही. अस्वलाला नीट दिसत नाही, ऐकूही बेताचंच येतं, म्हणून माणूस अचानक समोर आला की ते घाबरून थेट अंगावर येतं आणि डोक्या-चेहऱ्यावर पंजा मारतं. चालताना मोठ्याने बोलत राहायचं. दाट घाणेरीच्या आत शिरायचं नाही, चौरस तिच्यावर आला तर बाहेरून अंदाज लिहायचा. मोहाच्या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात नको. परवानगी नाहीच मिळाली तर घाणेरीची बाजू तुला शहराबाहेरच्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला मोजता येते, अस्वलाची बाजू मग वनखात्याच्या गणनेच्या अहवालांतून घे आणि तसं स्पष्ट लिही.

आणि वाटेत अस्वलाची विष्ठा दिसली, बीटगार्डने हो म्हटलं, तर काडीने ती थोडी पसरून बियांचा फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून. आम्ही एकदा परवानगीने असा एक नमुना धुऊन त्यातल्या बिया कॉलेजच्या बागेत कुंड्यांत लावल्या होत्या. बोरं उगवली, टेंभुर्णीची दोन रोपं आली, आणि एका कुंडीत घाणेरी.